तापट मुलाचें संगोपन

दसरा-दिवाळी झाली म्हणजे परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड, सोनपेठ, पालम ह्या भागांतून पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीस जातात. कांहीं मुलें आईबापांबरोबर कोपींत राहतात, कांहीं गांवीं आजीजवळ राहतात. आणि गाळपाचा हंगाम संपला म्हणजे घर पुन्हां एक होतें. अशा नुकत्याच परतलेल्या एका घरीं आम्ही बसलों होतों. आजीजवळ राहिलेला सात वर्षांचा मुलगा गोट्या खेळत होता. आईनें जेवावयास हांक मारली. तो आला नाहीं. तिनें हात धरून आणिला, तोंच त्यानें भाकरीचें ताट भिरकाविलें, धाकट्या बहिणीस ढकललें व दाराशीं पडलेला दगड उचलला. बापानें काठी घेतली. मुलगा त्याच्या हातास कडकडून चावला. आळी जमली. कोणी म्हणाले, 'लाडानें बिघडला'. कोणी म्हणाले, 'नजर लागली.' थोड्या वेळानें मुलगा आजीच्या मांडीवर हुंदके देत झोंपीं गेला, आणि बाप ओट्यावर खालीं मान घालून बसला. तो आम्हांस म्हणाला, 'मास्तर, मारलं तर पोर आणखीच पेटतंय, न मारावं तर हाताबाहेर जातंय. म्यां करावं तरी काय?'

त्या दिवशीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. कारण रागाच्या भरांत आम्हींही आमच्या मुलावर हात टाकलेला होता. पुढें वाचून, विचारून व स्वतःच्या चुकीवरून जें समजलें तें येथें मांडतों.

१. मुलाचा राग ओळखावा. दोन ते चार वर्षांच्या मुलानें अंग टाकून रडणें हा रोग नव्हे. बोलतां येऊं लागलें म्हणजे तें बहुधा कमी होतें. मनास आवर घालणारा मेंदूचा भाग कपाळामागें असतो, व तो पुरा तयार होण्यास सुमारें पंचवीस वर्षें लागतात. म्हणून रागानें बेभान झालेल्या मुलास उपदेश ऐकूं येत नाहीं. पूर आलेल्या गोदावरींत कोणी मुलास पोहावयास शिकवीत नाहीं; उन्हाळ्यांतल्या संथ डोहांत शिकवितात. आपण मात्र बहुतेक सर्व शिकवण पुरांतच देतों, आणि डोह संथ असतो तेव्हां गप्प बसतों.

रॉस ग्रीन नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९९८ सालीं अशा मुलांविषयीं एक ग्रंथ लिहिला. त्याचें म्हणणें असें कीं, मुलास जमत असतें तर तें नीट वागलेंच असतें. वाट पाहणें, हातचें काम सोडून दुसऱ्याकडे वळणें, दुखलेलें शब्दांत सांगणें, ह्यांपैकीं एखादी विद्या त्याला अजून आलेली नसते. आमच्या त्या मुलास भाकरीचा राग नव्हता. रंगलेला डाव एकाएकीं मोडणें त्याला साधत नव्हतें. आणि चार महिने आईवांचून काढलेल्या मुलाच्या मनांत आणखी काय सांचलें असेल, तें त्याला तरी कोठें सांगतां येत होतें?

२. मार कां निरुपयोगी ठरतो? जेराल्ड पॅटरसन ह्या दुसऱ्या संशोधकानें घराघरांतून हें पाहिलें. मूल किंचाळतें, आई थकून मागितलेलें देते. मूल शिकतें कीं किंचाळण्यानें मिळतें. उलट बाप ओरडतो किंवा मारतो, मूल घटकाभर गप्प होतें. बाप शिकतो कीं मारण्यानें काम होतें. असे दोघेही एकमेकांस वाईट धडे देत राहतात, आणि प्रत्येक वेळीं आवाज व काठी अधिक चढवावी लागते. त्या बापाच्या प्रश्नाचें मूळ येथें आहे. शाळेंत मुलास मारणें व मानसिक त्रास देणें २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें मना केलें आहे. जें शाळेंत अपराध, तें घरांत शहाणपण कसें होईल?

३. कारण शोधावें. राग कोणत्या वेळीं येतो, त्याच्या आधीं काय घडलें, मूल भुकेलें होतें काय, झोंप झाली होती काय, हें पंधरा दिवस लक्षांत ठेवावें. अंगांत रक्त कमी असलें तर मूल चिडचिडें होतें. कान फुटून ऐकूं कमी आलें तर हांकेला ओ देत नाहीं, व आपण त्याला हट्टी म्हणतों. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें पथक अंगणवाड्यांतून व शाळांतून मुलांची तपासणी मोफत करतें. त्या दिवशीं मूल घरीं ठेवूं नये. शाळेच्या वयांतही असे झटके वारंवार येत असतील, मूल स्वतःस किंवा दुसऱ्यास इजा करीत असेल, बोलणें मागें पडलें असेल, किंवा शुद्ध हरपत असेल, तर देवऋषी न शोधतां जिल्ह्याचें सरकारी रुग्णालय गांठावें. १४४१६ ह्या टेलिमानसच्या क्रमांकावर २०२२ पासून मनाच्या दुखण्याविषयीं फुकट सल्ला मिळतो.

४. झटक्याच्या वेळीं व नंतर. त्या वेळीं थोडें बोलावें. धाकटीं मुलें, विळा, दगड दूर करावे. जवळ राहावें, पण वाद घालूं नये. किंचाळून मागितलेलें देऊं नये आणि मारूंही नये. शांत झाल्यावर पाणी द्यावें. मग सांडलेलें त्याच्याकडून, आपणही हात लावून, उचलून घ्यावें. दुसऱ्या दिवशीं विचारावें, 'काल काय झालं होतं रे?' आणि पुढच्या वेळीं काय करावें हें त्याच्याच तोंडून काढावें. हांक मारण्यापूर्वीं 'हा डाव संपला कीं जेवण' असें आधीं सांगावें. ज्या दिवशीं त्यानें राग गिळला, त्या दिवशीं तेंच नांव घेऊन शाबासकी द्यावी.

५. आपला राग. कवि नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांचीं भजनें आपण गातों. त्यांचे वडील तापट होते; आई वारल्यावर लहानग्या नारायणानें घर सोडलें. पुढें टिळकांचा स्वतःचाही राग मोठा होता. लक्ष्मीबाईंनीं १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त तो लपविला नाहीं. तसाच राग ओसरल्यावरचा त्यांचा पश्चात्तापही लपविला नाहीं. राग वडिलांकडून मुलाकडे जातो, हें खरें. पण चूक कबूल करणें हेंही बापाकडूनच मुलास मिळावयाचें असतें. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत मुलांस आज्ञापालन सांगून होतांच, बापांनीं मुलांस चिडीस आणूं नये अशी ताकीद आहे. पहिली गोष्ट आम्हीं मुलांकडून पाठ करून घेतली; दुसरी स्वतः विसरलों.

हें सर्व आम्हीं त्या बापास पुढें सांगितलें. त्यानें त्यांतली एकच गोष्ट धरली: हांक मारण्यापूर्वीं स्वतः अंगणांत जाऊन मुलाचा एक डाव पाहावयाचा. मुलाचा राग गेला नाहीं. परंतु एके दिवशीं ताट भिरकाविण्याऐवजीं तो ओरडला, 'मला अजून खेळायचंय!' बाप आम्हांस सांगतांना हंसला. त्या मुलास शब्द सांपडला होता, आणि काठी आढ्याला खोंचलेलीच राहिली होती.

सभेंत विचारावयाचे प्रश्न: (१) आपलें मूल कोणत्या वेळीं अधिक चिडतें, व त्याच्या आधीं काय घडतें? (२) गेल्या खेपेस आपण मुलास मारलें, तें त्याला शिकविण्यासाठीं कीं आपला राग शमविण्यासाठीं? (३) आपली चूक झाली असें आपण मुलाजवळ कधीं बोललों आहों काय?