योग, प्रेम आणि आपलं राजूर

कॉन्व्हेंटमध्ये आमच्यासाठी योगा म्हणजे पी.टी.ची आसनं. पण आपल्या राजूरची कथा वेगळीच आहे. सिंदूरासुराच्या वधानंतर गजाननाने वरेण्य राजाला गणेशगीता इथेच सांगितली, असं मानतात. हा राजा कोण? नुकतं जन्मलेलं बाळ, त्याचं रूप पाहून रानात टाकून देणारा बाप! आणि तेच बाळ मोठं होऊन त्याला योग शिकवतं.

गणेशपुराणातल्या या गीतेचे 11 अध्याय. पहिल्यातच म्हटलंय की सुंदर स्त्री मिळणं हा योग नव्हे. भेद न मानणारी बुद्धी हाच योग. मला वाटतं, प्रेमातही हेच लागतं. 'ती माझी' म्हणणं सोपं, तिला आपल्याइतकीच मानणं अवघड.

पतंजलींच्या अष्टांगात आसन तिसरं. सगळ्यात आधी यम. त्यातच सत्य आणि अपरिग्रह येतात. अपरिग्रह म्हणजे साठवायची हाव नको. माणसाच्या बाबतीत मी म्हणेन, मालकी नको. होस्टेलवर मोबाईलचा पासवर्ड मागणारे पुष्कळ. पासवर्ड मिळाला म्हणून विश्वास येत नाही. तो मागावासाच वाटला नाही, तर विश्वास आहे समजा!

टाकून देणाऱ्या बापाशीही जो शांतपणे बोलला, त्याच्याकडून एवढं तर शिकूया.