मळणी यंत्रावरील अपघात : केवळ निष्काळजीपणा नव्हे

सोयाबीनची मळणी सुरू झाली की मळणी यंत्रात (काही भागांत यालाच हडंबा म्हणतात) हात अडकल्याच्या बातम्या कानावर येऊ लागतात. चौकशी करावी तर बहुधा एकच उत्तर मिळते, ‘मजुराचे लक्ष नव्हते.’ हे उत्तर सोयीचे आहे, पण अपुरे आहे.

समजा, ड्रमचा व्यास ६० सें.मी. असून तो मिनिटाला ६०० फेरे फिरतो. म्हणजे त्याची कड सेकंदाला सुमारे १९ मीटर वेगाने धावते. धोका दिसल्यावर हात मागे घेण्यास चपळ माणसालाही साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात ड्रमचे अडीच फेरे झालेले असतात. सावधपणा या वेगाला पुरा पडत नाही. हात ड्रमपर्यंत पोहोचणारच नाही, अशी सोय असावी लागते.

ही सोय म्हणजे पीक आत सरकवण्याची पन्हळ. भारतीय मानक आय.एस. ९०२० नुसार पन्हळ किमान ९० सें.मी. लांब व तिचा ड्रमकडील ४५ सें.मी. भाग वरून झाकलेला असावा. १९८३ च्या धोकादायक यंत्रे नियमन कायद्यातही शक्तिचलित मळणी यंत्रांचा समावेश आहे. तरीही झाकण काढून ठेवलेली यंत्रे शिवारात दिसतात. पीक लवकर आत जाते, हे त्याचे कारण. भाड्याने यंत्र ठरविताना दराच्या आधी पन्हळ टेपने मोजावी. झाकण नसल्यास यंत्र खळ्यावर घेऊ नये.

आता कामाच्या पद्धतीकडे वळू. भाडे बहुधा पोत्यामागे किंवा क्विंटलमागे ठरते. आभाळ भरून आलेले, पुढच्या शेताचा निरोप आलेला, आणि अशात ओलसर काड गुंडाळून ड्रम चोंदतो. यंत्र थांबवून काड काढावे तर वेळ जातो व सर्वांच्या नजरा पीक लावणाऱ्याकडे वळतात. मग तो चालू यंत्रातच हाताने काड रेटतो. त्याला धोका माहीत नसतो असे नाही. थांबणे त्याच्या हाती नसते. म्हणून शेतमालकाने यंत्रमालक व मजूर यांच्या समक्ष सुरुवातीलाच सांगावे, की चोंदल्यावर यंत्र बंद होईल, ड्रम पूर्ण थांबल्यावरच काड काढले जाईल आणि त्या वेळेचा रोज कापला जाणार नाही. बाईमाणसासह कोणीही ‘थांबवा’ म्हटले तर ट्रॅक्टर बंद झाला पाहिजे. आवाजात हाक ऐकू जात नाही. त्यासाठी हात उंच करून दाखविण्याची खूण ठरवावी व चालकाने पीक लावणारा दिसेल अशा जागी थांबावे.

पीक लावणारा माणूस तासा-दीड तासाने बदलावा. धूळ, घरघर आणि एकसारखी हालचाल यांनी हात चालत राहतो, लक्ष मात्र मंदावते. उभे राहण्यासाठी पोती किंवा विटा रचू नयेत, घट्ट बसणारी फळी टाकावी. तोल गेला की माणूस आधारासाठी हात पुढेच टाकतो. उपरणे, सैल बाही, लोंबता पदर, बांगड्या व घड्याळ यांसह यंत्राजवळ उभे राहू नये. ट्रॅक्टरचा फिरता शाफ्ट व पट्टे झाकलेले असावेत. दारू प्यालेल्याला यंत्रापासून दूर ठेवावे, मग तो यंत्राचा मालक का असेना! रात्री मळणी टाळावी. अगदीच नाइलाज असेल तर पन्हळीवर सावली पडणार नाही असा दिवा लावावा.

अपघात झालाच तर प्रथम यंत्र बंद करावे. अडकलेला हात ओढू नये, ड्रम हाताने उलटा फिरवून मोकळा करावा. रक्तस्रावावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फात ठेवावी. बर्फ थेट त्या भागाला लागू देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचा लाभ खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला मिळतो. यंत्रावर पीक लावणारा मात्र पुष्कळदा भूमिहीन मजूर असतो आणि तो या योजनेत बसत नाही. त्याच्यासाठी १८ ते ७० वर्षे वयोगटासाठीची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वर्षाचा हप्ता २० रुपये असून विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असते. हप्ता बँक खात्यातून आपोआप वळता होतो. पण खात्यात तेवढी शिल्लक होती का, हे मजुराचे पासबुक पाहून मळणीपूर्वीच तपासावे.