बी पेरण्याआधी पाणी बघा

मे महिन्यात अंगणातलं लॉन पिवळं पडलं की माणूस नर्सरीची वाट धरतो. आमच्याकडे तर माळ्याने भावही काढला होता. "काका, सगळं मेलंय, उपटून नवीन पेरू." त्याला थांबवलं आणि मूठभर गवत धरून ओढून पाहिलं. मधला भाग सहज हातात आला, मुळासकट. कुंपणाकडची हरळी मात्र हटेना. तिची जमिनीलगतची काडी नखाने खरवडली, तर आत ओल होती आणि हिरवट पांढरा रंग होता. हरळी अशी मरत नाही. पाणी तुटलं की वरची पानं वाळवून टाकते आणि पावसाची वाट बघते. तिथे बी पेरणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

नवल वेगळंच होतं. जिवंत राहिली ती पाइप न पोचणारी कड, आणि मेला तो रोज भिजवलेला मधला भाग! तिथे कार्पेट गवत होतं आणि मातीवर पांढरी खपली धरली होती. पाणी टँकरचं, चवीला मचूळ. हरळी खारं बऱ्यापैकी सोसते, कार्पेटला ते झेपत नाही. वर उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, म्हणजे जितकं शिंपावं तितकी माती खारट.

वसईकराला हे नवीन नाही. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे खाडी, मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी आणि बावखलं, म्हणजे वाडीतली तळी. रहाट गेले, पंप आले, उपसा वाढला की विहिरीत खारं शिरतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती टँकरवाल्यांच्या उपशाविरुद्ध उभी राहिली, ती याच पाण्यासाठी. त्या पाण्यावर लॉन पोसावं का, हा प्रश्न मलाही पडतो. म्हणून आता उन्हाळ्यात लॉनला पाणीच देत नाही. पिवळं दिसलं तर दिसू दे.

तर पहिलं काम, पाणी तपासा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो. आकडा दोन हजारांच्या वर गेला तर ते पाणी कोवळ्या रोपांना घालू नका. वाढलेलं गवत जे सोसतं ते अंकुर सोसत नाही. मातीची शंका असेल तर डहाणूजवळ कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी.

खारवलेल्या जागेवर मेअखेर घाईने पेरू नका. खपली काट्याने फोडून ठेवा, म्हणजे पाऊस वरून वाहून न जाता आत मुरेल आणि क्षार खाली धुऊन नेईल. हे काम आपला पाऊस फुकटात करतो, फक्त पाणी साचू देऊ नका. आषाढात बी टाकलं तर पहिल्याच झोडीत ते गटारात जातं. त्या दिवसांत टोबणी बरी. आपल्याच कुंपणाकडची हरळी उपटायची, दोन-तीन पेरांचे तुकडे करायचे आणि वीतभर अंतराने ओल्या मातीत खोचायचे. श्रावण सरेपर्यंत धावत्या काड्या एकमेकींना भिडतात.

बीच पेरायचं असेल तर गणपतीनंतर, पाऊस ओसरला आणि माती अजून उबदार आहे तेव्हा. चौरस मीटरला दहा ग्रॅमच्या आसपास पुरतं. ते कोरड्या वाळूत मिसळा, अर्धं उभं आणि अर्धं आडवं फेका, दाताळ्याने नुसतं हलवा. बी खोल गेलं की उगवत नाही. वर चाळलेल्या, पूर्ण कुजलेल्या शेणखताचा पातळ थर द्या. कोंब यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर वरची माती सुकू द्यायची नाही. झारीची धार बारीक ठेवा. आंब्याखाली मात्र हरळी धरत नाही, तिथला नाद सोडा.

लॉनवर घालायला आणलेल्या विकतच्या तांबड्या मातीचं काय? ढेकूळ फोडून पाहा. आत काळसर, वासाची गाठ सापडली की तो लव्हाळा, चिवट तण. एकेक गाठ पुढच्या गाठीला दोऱ्याने जोडलेली असते. नुसतं पातं खुडलं तर खालून दुसरं निघतं. पाऊस पडून माती मऊ असताना खुरपीची टोकदार बाजू खाली घालून गाठीसकट काढा, आणि उपटलेलं खताच्या खड्ड्यात टाकू नका, उन्हात कडकडीत वाळवा.