जड काम करणाऱ्याची पाठ

आपल्या खेड्यांतून पाठीच्या दुखण्याची तक्रार ज्यांत नाहीं असें घर विरळा. खुरपणी करणारी बाई, पोतीं वाहणारा हमाल, विहीर खोदणारा मजूर, आणि विशेषेंकरून ऊसतोडीस जाणारीं जोडपीं, या सर्वांस कंबर धरणें, उसण भरणें, पायांत कळ जाणें हीं दुखणीं परिचयाचीं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणें इ. स. २०२० सालीं सर्व जगांत सुमारें ६१ कोटी ९० लक्ष लोकांस कंबरदुखी होती, व मनुष्यास कामावांचून बसविणाऱ्या दुखण्यांत हिचाच क्रमांक पहिला लागतो. तथापि कारकुनानें पाठ दुखते म्हणून रजा घेणें व मजुरानें रजा घेणें या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. मजुराची रजा म्हणजे त्या दिवशींची चूल. म्हणून ‘विश्रांति घ्या’ एवढेंच सांगून जो निघून जातो, त्याचा उपदेश या घरांत कोणाच्याहि उपयोगीं पडत नाहीं. काम करीत असतांच पाठ कशी जपावी, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

प्रथम पाठीची रचना समजून घेऊं. मनुष्याच्या कण्यांत ३३ मणके असतात. त्यांपैकीं मानेचे ७, छातीच्या मागचे १२ व कंबरेचे ५ हे सुटे असून त्यांखालील एकमेकांस जुळलेले असतात. सुट्या मणक्यांमध्यें मऊ पण चिवट अशी चकती असते, तिला आपण गादी म्हणूं. गादीच्या बाहेर दोरखंडासारखें वेष्टन व आंत लिबलिबीत गाभा असतो. दिवसभर उभें राहून व ओझीं वाहून या गाभ्यांतील पाणी थोडथोडें निघून जातें, आणि रात्रीं निजल्यावर तें पुन्हां भरतें. सकाळीं मनुष्याची उंची संध्याकाळपेक्षां किंचित् अधिक भरते ती यामुळेंच. बाहेरचें वेष्टन फाटून गाभा पुढें आला व त्यानें जवळच्या मज्जातंतूस दाबलें, म्हणजे कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत कळ जाते. बोस्टन येथील मिक्स्टर व बार या दोघां शस्त्रवैद्यांनीं इ. स. १९३४ सालीं ही गोष्ट स्पष्ट करून दाखविली.

परंतु कंबरदुखीच्या बहुतेक रोग्यांत असें कांहीं मोठें बिघडलेलें नसतें. स्नायूंस व सांध्यांस ताण बसलेला असतो, आणि तो बहुधा कांहीं आठवड्यांत ओसरतो. हें वाचकांनीं पक्कें ध्यानांत धरावें. कारण ‘मणक्यांत गॅप आहे’ हे तीन शब्द ऐकून पुष्कळ धट्टींकट्टीं माणसें केवळ भयानें अंथरूण धरतात.

ओझें किती आहे याइतकीच, तें अंगापासून किती दूर आहे ही गोष्ट महत्त्वाची आहे. भरलेली घागर कडेवर घेऊन बाई सहज चालते. तीच घागर दोन्ही हात लांब करून धरावयास सांगितली, तर ती दहा पावलेंहि जाणार नाहीं. घागर तीच, पाणीहि तेंच. परंतु वजन दूर गेल्यानें कंबरेच्या स्नायूंस कित्येक पट जोर लावावा लागतो, व तो सर्व भार गादीवर येतो. स्वीडन देशांतील नाकेमसन या वैद्यानें इ. स. १९६० नंतरच्या दशकांत जिवंत मनुष्याच्या गादींत सुई घालून आंतील दाब मोजला, तेव्हां ताठ उभ्या मनुष्यापेक्षां पुढें वांकून ओझें धरणाऱ्याच्या गादीवर फारच मोठा दाब असल्याचें दिसून आलें.

आतां ऊसतोडीचें काम पाहूं. बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास लक्षावधि माणसें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ गणला जातो, व मजुरी टनावर मिळते. उसाच्या बुडख्यांत साखर अधिक असल्यामुळें तो जमिनीलगत तोडावा लागतो, म्हणून कंबर पुरती वांकवावी लागते. त्यांत कामास आरंभ होतो पहांटे. रात्रभर पाणी भरून फुगलेली गादी यावेळीं ताठ असते, आणि वांकतांच तिच्यावर दुपारपेक्षां अधिक ताण पडतो. पहांटेचें वांकणें टाळल्यानें जुन्या कंबरदुखीच्या रोग्यांस उतार पडला, असें अमेरिकेंत १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत आढळलें.

कोयत्यावरच्या माणसास तासभर थांबणें कोठून परवडणार? तरी जितकें साधेल तितकें साधावें. अंथरुणावरून एकदम उठून न बसतां कुशीवर वळावें व हाताच्या टेकूनें उठावें. खोपीपुढची झाडलोट यासारखें वांकून करावयाचें काम पहांटे न करितां मागें ठेवावें. फडांत शिरल्यावर पहिली सरी सावकाश धरावी. तोडतांना एक पाय पुढें घेऊन गुडघा वांकवावा, म्हणजे वांकण्याचा पुष्कळ भाग कुल्ल्याचे व गुडघ्याचे सांधे घेतात. आणि थोड्याथोड्या वेळानें पुरतें उभें राहून, दोन्ही हात कंबरेवर ठेवून, पांचसहा वेळ मागें झुकावें. यास अर्धें मिनिट लागतें. एवढा तोटा कोणत्याहि मुकादमाच्या वहींत चढत नाहीं.

तोडणीहून कठीण काम मोळी वाहण्याचें. मोळी २० ते ४० किलोंची असते, व ती डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढावें लागतें. अमेरिकेच्या सरकारी कामगार-आरोग्य संस्थेनें इ. स. १९९१ सालीं सुधारलेल्या सूत्रांत, ओझें अंगालगत आहे, कंबरेस पीळ नाहीं, पकड चांगली आहे, असें सर्व अनुकूल असतांहि उचलण्याची मर्यादा २३ किलो धरली आहे. फडांत यांपैकीं एकहि गोष्ट अनुकूल नसते. म्हणून मोळी लहान बांधावी हेंच बरें. खेपा वाढतील हें खरें. परंतु भरल्या हंगामांत उसण भरून दोघांपैकीं एक जण खोपींत पडला, तर सारा कोयताच थांबतो, आणि उचल मात्र अंगावर राहते. मोळी एकट्यानें डोक्यावर न घेतां दुसऱ्यानें हात द्यावा. वळतांना कंबरेंत पीळ न घालतां पाय उचलून वळावें. तोडणें, बांधणें व वाहणें हीं कामें आळीपाळीनें केल्यास एकाच जागीं सतत ताण पडत नाहीं.

हें सर्व मजुराच्या हातचें झालें. वजन ठरविणें मात्र बहुधा त्याच्या हातीं नसतें, आणि माझ्या मतें मूळ दुखणें तेथेंच आहे. मनुष्याच्या ओझ्यास मर्यादा असावी हा विचार कांहीं आजचा नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें इ. स. १९६७ सालीं प्रौढ पुरुषाकरितां ५५ किलोंची मर्यादा सुचविली. महाराष्ट्रांत १९६९ सालीं माथाडी कामगारांचा कायदा झाला. युरियाचें पोतें २०१८ पर्यंत ५० किलोंचें होतें, तें त्या सालीं ४५ किलोंचें झालें. पांच किलो ही थोडी गोष्ट दिसते. परंतु दिवसांतून शंभर पोतीं उतरविणाऱ्या हमालाच्या पाठीवरून ती अर्ध्या टनाची उतराई होय.

दुखणें आलेंच तर काय करावें? पूर्वीं वैद्य दोन-दोन आठवडे निजवून ठेवीत. फिनलंडांतील हेलसिंकी येथें केलेल्या व १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, निजून राहिलेल्यांपेक्षां झेपेल तितकें नेहमींचें काम करीत राहिलेले रोगी लवकर बरे झाले. म्हणून एकदोन दिवस ओझें टाळावें, शेक घ्यावा, पण हिंडतें फिरतें राहावें. दुकानांतील वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने घेऊं नयेत; उन्हांत घाम गाळणाऱ्याच्या मूत्रपिंडांस व जठरास त्या अपाय करितात. कंबरपट्टाहि जुन्या कंबरदुखीस नेहमींचा उपाय म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं नापसंत केला आहे. पायाळू माणसाची लाथ मारून घेणें किंवा तापल्या लोखंडाचा डाग देणें यांविषयीं एवढेंच सांगतों, कीं उसण आपोआप बरी होते, व श्रेय लाथेस मिळतें. मणका आंतून किडलेला असेल तर मात्र तीच लाथ मनुष्यास पंगु करील.

कारण मणक्याचा क्षय हा आपल्या देशांत अद्याप आढळणारा रोग आहे. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यानें १७७९ सालीं त्याचें वर्णन केलें. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणें, रात्रीं निजल्यावरहि न थांबणारी वेदना हीं त्याचीं चिन्हें असूं शकतात. सरकारी दवाखान्यांत त्याचें औषध मोफत मिळतें. पायांतील बळ जाणें, लघवी अडकणें किंवा नकळत होणें, बैठकीची जागा बधिर होणें, यांपैकीं कांहीं घडल्यास एक दिवसहि न थांबतां मोठें रुग्णालय गांठावें.

शेवटीं भगिनींसाठीं दोन शब्द. बीड जिल्ह्यांतील अनेक ऊसतोड स्त्रियांचीं गर्भाशयें तरुण वयांतच काढलीं गेल्याचें २०१९ सालीं उजेडांत आलें, व राज्य सरकारास चौकशीसाठीं समिति नेमावी लागली. कंबर व ओटीपोट दुखतें, अंगावरून पांढरें जातें, एवढ्यावरून कोणी पिशवी काढावयास सांगितलें तर होकार देण्याची घाई करूं नये. वांकण्यानें व ओझ्यानें आलेली कंबरदुखी पिशवी काढल्यानें जात नाहीं. उलट तिजबरोबर अंडाशयेंहि गेलीं तर हाडें लवकर ठिसूळ होतात. सोनोग्राफीचा कागद मागून घ्यावा, व तो दुसऱ्या, शक्य तर सरकारी, डॉक्टरीणबाईंस दाखवावा. हें गांव सोडण्यापूर्वींच, दिवाळीच्या आधीं करावें. एकदां फडावर गेल्यावर दवाखाना दूर असतो व खाडा कोणास मानवत नाहीं.