विडंबनपट : मूळ आणि नक्कल

विडंबनाची पहिली अट अशी की, मूळ कृती प्रेक्षकाला ठाऊक असली पाहिजे. केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’मधील विनोदाची खरी गोडी ज्यांना तत्कालीन कविता परिचित होत्या त्यांनाच कळली. दुसरी अट अशी की, मुळातील नेमके एखादे लक्षण निवडून ते इतके ताणावे की त्यातील पोकळपणा आपोआप उघडा पडावा.

मेल ब्रुक्स या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘स्पेसबॉल्स’ (१९८७) हे याचे सुबोध उदाहरण होय. ‘स्टार वॉर्स’च्या (१९७७) आरंभी एक प्रचंड अवकाशयान पडद्यावरून सरकत जाते. ब्रुक्सच्या चित्रपटातही यान सरकू लागते. परंतु ते संपतच नाही. मुळातील खलनायकाचे काळे शिरस्त्राण येथे इतके मोठे झाले आहे की, त्याखालचा माणूस ठेंगणा व केविलवाणा दिसतो. मूळ चित्रपटाचे निर्माते जॉर्ज लुकास यांनी या विडंबनाला संमती दिली, पण चित्रपटाच्या नावाने खेळणी विकावयाची नाहीत, अशी अट घातली. ब्रुक्सने चित्रपटाच्या नावाने मालाची विक्री करणारे एक पात्र कथेतच आणून त्या व्यापाराचीही थट्टा केली.

ब्रुक्सजवळ पैसा आणि तंत्रज्ञ दोन्ही होते. ही साधने नसतील तर विडंबन कसे घडते, हे नाशिक जिल्ह्यातील मालेगावने दाखविले. भारताच्या अवकाशसंशोधनाचे मुख्यालय बेंगळुरूत आहे. २००८ साली चांद्रयान-१ चे नियंत्रणही त्याच शहरातून झाले. त्याच सुमारास मालेगावच्या हौशी मंडळींनी परग्रहावरून आलेल्या सुपरमॅनला आपल्या गल्लीत उतरविले. दिग्दर्शक नासिर शेख यांनी २००० साली सुमारे पन्नास हजार रुपयांत ‘मालेगाव के शोले’ तयार केला होता. मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. शुक्रवारी माग बंद असतात आणि चित्रपटगृहे भरतात.

त्यांचा सुपरमॅन झाला शफिक शेख हा किडकिडीत देहाचा यंत्रमाग कामगार. हिरव्या कापडापुढे चित्रण करून मागाहून आकाश जोडावे, एवढीच उड्डाणाची युक्ती. मूळ नायक जगाचा संहार टाळतो. याचा लढा गावातील घाण आणि तंबाखूचे व्यसन यांच्याशी आहे. ब्रुक्स मुळाला फुगवितो, तर मालेगावकर त्याला आपल्या मापाचे करून घेतात. येथे हसू येते ते मूळ आणि नक्कल यांतील अंतरामुळे. ते अंतर दारिद्र्याचे आहे आणि ते प्रेक्षकांच्या रोजच्या परिचयाचे आहे. त्यामुळे या हसण्यात उपहास कमी आणि आपलेपणा अधिक असतो.

फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या अनुबोधपटात या निर्मितीची हकिकत नोंदविली. शफिक शेख यांचे २०११ साली कर्करोगाने निधन झाले. अनुबोधपट भारतातील चित्रपटगृहांत २०१२ साली आला. आयुष्यभर मागावर राबणाऱ्या माणसाला नायक होण्याची संधी मुख्य प्रवाहातील चित्रपट सहसा देत नाही. विडंबनाने ती दिली. नक्कल ही केवळ थट्टा नसते. ज्यांना मूळ कथेत स्थान नाही त्यांनी तेथे मिळविलेला तो प्रवेशही असतो.