ट्रकनं ठोकरलं, पुढं काय? अपघातानंतर आपला हक्क कसा मागायचा



मागच्या अंकात आपण गटाच्या कर्जाचे हप्ते आणि व्याजाचा हिशोब शिकलो. या वेळचा धडा जरा जड आहे, पण गरजेचा आहे. आपल्या गावांवरून महामार्ग जातात, वाळूचे, उसाचे, सिमेंटचे ट्रक रात्रंदिवस पळतात. त्यांच्या धक्क्यानं आपल्यातलं कुणी ना कुणी जखमी झालेलं आहे. पण भरपाई कशी मागायची, हे बैठकीत विचारलं तर फार थोडे हात वर होतात.

आधी माझी चूक सांगते. आपल्या एका गटातली ताई (नाव देत नाही, तिनंच तसं सांगितलंय) बँकेत बचत भरायला दिराच्या मोटारसायकलवर मागं बसून निघाली होती. वळणावर ट्रकनं मागून धडक दिली. मांडीचं हाड मोडलं. दुसऱ्याच दिवशी ट्रकमालकाचा माणूस दवाखान्यात आला, पंधरा हजार रुपये आणि एक लिहिलेला कागद घेऊन. "सही करा, केस-बिस करून काय मिळणार?" ताईनं मला फोन केला. मी समाजकार्याची पदवी घेतलेली, तरी म्हणाले, "ताई, आधी बऱ्या व्हा, केसचं नंतर बघू."

ताई माझ्यापेक्षा शहाणी निघाली. तिनं सही केली नाही. दवाखान्याचा खर्च गटाच्या अंतर्गत कर्जातून भागवला. पण माझ्या त्या "नंतर बघू"मुळं साडेपाच महिने गेले. कायद्यात अर्जाची मुदत सहा महिन्यांची आहे, हे मला तालुक्याच्या विधी सेवा समितीत गेल्यावर कळलं. पंधरा दिवस उरले होते! अर्ज दाखल झाला, केस चालू आहे. पण तेव्हापासून ठरवलं, की हे सगळ्या गटांना सांगायचंच.

भरपाई कोण देतं?

रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला 'थर्ड पार्टी' विमा असणं मोटार वाहन कायद्यानं सक्तीचं आहे. थर्ड पार्टी म्हणजे ती गाडी ज्याला धडकली तो माणूस, म्हणजे आपण. म्हणून चूक ट्रकची असेल तर भरपाई बहुतेक वेळा विमा कंपनी देते. ड्रायव्हर गरीब आहे, त्याच्या पोटावर पाय कशाला, असं वाटून आपण गप्प बसतो. पण पैसे त्याच्या पगारातून जात नाहीत.

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. हे साधारणपणे जिल्हा न्यायालयातच भरतं. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. हे लक्षात ठेवा, कारण "तिकडं पुण्याला कोण खेटे घालणार" म्हणून खूप जणी सोडून देतात.

पहिल्या काही दिवसांत काय करायचं

१. आधी जीव. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा, ११२ वर पोलिसांना कळवा. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेत अपघातग्रस्तावर ठरवून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत उपचार पैसे न भरता होतात. रुग्णालयात ही योजना आहे का, हे दाखल करतानाच विचारा. जखमीला उचलून नेणाऱ्या माणसाला पोलीस साक्षीदार व्हायची सक्ती करू शकत नाहीत, म्हणून मदत करायला घाबरू नका.

२. गाडीचा नंबर. फोटो काढा, नाहीतर वहीत लिहा. ताईच्या दिरानं पडल्या-पडल्या मोबाइलवर नंबरप्लेटचा फोटो काढला होता, त्यावर सगळी केस उभी आहे. नंबर असला की एम-परिवहन ॲपवर विमा चालू आहे का ते दिसतं.

३. पोलिसांत गुन्हा नोंदवा. हद्द कुणाची यावरून परत पाठवता येत नाही, कुठल्याही ठाण्यात नोंद घ्यावीच लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. पंचनाम्यात अपघाताची जागा, गाडी कुठल्या बाजूला होती हे बरोबर लिहिलंय का, घरच्या कुणीतरी वाचून बघा.

पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा, असा नियम २०२२ पासून आहे. तरी त्यावर विसंबून राहू नका, आपला अर्ज आपण करा.

४. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही-अंगठा नाही. "आपसात मिटलं, तक्रार नाही" असं लिहून दिलं की पुढं तोच कागद आपल्याविरुद्ध दाखवला जातो.

५. एक पिशवी करा. डिस्चार्ज कार्ड, औषधांची मूळ बिलं, एक्स-रे, रुग्णवाहिकेची आणि रिक्षाची पावती, आधार, रेशनकार्ड, सगळं त्यातच. बिलावर पेशंटचं नाव आहे का बघा. अपंगत्व राहिलं तर सरकारी वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र लागतं.

किती मिळतं? हिशोब समजून घेऊ

दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढचे उपचार, सोबतीला राहणाऱ्याचा खर्च, सोसलेल्या वेदना, हे सगळं मागता येतं. कायमचं अपंगत्व आलं तर कमाई किती घटली ते धरतात. त्यासाठी वयानुसार एक आकडा असतो, त्याला गुणक म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात तो ठरवून दिला. वय ३१ ते ३५ असेल तर १६, ३६ ते ४० ला १५, ४६ ते ५० ला १३, असा तो उतरत जातो.

समजा, एका बाईचं वय ३४, महिन्याची कमाई ९,००० रुपये. म्हणजे वर्षाला १,०८,०००. गुणिले १६ केले की १७,२८,०००. तिची कमावण्याची ताकद ३० टक्के कमी झाली असं न्यायाधिकरणानं मानलं, तर १७,२८,००० चे ३० टक्के म्हणजे ५,१८,४०० रुपये. दवाखाना आणि बाकीच्या गोष्टी त्याच्या वेगळ्या. हे फक्त समजण्यापुरतं उदाहरण आहे, प्रत्येकीचा आकडा वेगळा येईल. पण आता पंधरा हजारांचा तो कागद आठवा!

अजून एक. प्रमाणपत्रावरचे टक्के आणि कमाईचे टक्के एकच नसतात. पाय आखडलेली बाई दुकानात बसून काम करू शकेल, पण खुरपणीला ती बसणार कशी? तुमचं काम काय होतं आणि आता काय जमत नाही, हे वकिलाला नीट सांगा. २०११ च्या राजकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच बघायला सांगितलंय.

"मी तर काहीच कमवत नाही"

ताई पहिल्यांदा हेच म्हणाली होती. पाणी, स्वयंपाक, जनावरं, म्हाताऱ्या सासूची सेवा, आणि वर "काहीच करत नाही"! घरकामाचं पैशात मोल धरावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ च्या लता वाधवा आणि २०२१ च्या कीर्ती खटल्यात सांगितलं आहे. आणि ज्यांची शेळीपालनाची, शिवणाची, दुधाची कमाई आहे, त्यांच्यासाठी गटाची वही, बँक पासबुक, दूध डेअरीच्या पावत्या हा पुरावा आहे. म्हणून मी नेहमी मागं लागते, वह्या वेळेवर लिहा!

ट्रक पळून गेला तर?

गाडी सापडलीच नाही तरी सरकारी भरपाई आहे. मृत्यू झाल्यास २ लाख, गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये. अर्ज अपघात झालेल्या तालुक्यातल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा, मंजुरी जिल्हाधिकारी पातळीवर होते.

गाडी सापडली पण चूक कुणाची हे सिद्ध करणं अवघड असेल, तर चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, अशी वेगळी तरतूद आहे. पण ही रक्कम स्वीकारली की मोठ्या भरपाईचा दावा संपतो. म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

मालाच्या गाडीत बसण्याआधी

ऊसतोडीला, जत्रेला, लग्नाला आपण ट्रकच्या मागं बसून जातो. ट्रक माल वाहण्यासाठी असतो. त्यात फुकट बसलेल्या माणसाची जबाबदारी त्या ट्रकच्या विम्यावर येत नाही. मग मालकाकडून वसूल करायचं, म्हणजे फार कठीण. दुसऱ्या गाडीची चूक असेल तर त्या गाडीच्या विम्याकडं मागता येतं. तुम्ही त्या ट्रकवर कामाला असाल किंवा आपला भाजीपाला घेऊन मालाबरोबर जात असाल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा मजुरीचा, मालाचा काहीतरी कागद जवळ ठेवा. टोळीबरोबर जाणाऱ्या सख्यांनी मुकादमाला हे निघण्याआधी विचारावं.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे?

आणायचेच नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती, जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. फोन नंबर १५१००, तोही मोफत. दवाखान्याच्या दारात "मिळेल त्यातले तीस टक्के द्या" म्हणणारे एजंट भेटतील. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घेणं वकिलांच्या नियमात बसत नाही, हे त्यांना तोंडावर सांगा.

लोकअदालतीत लवकर मिटतं, पण तिथं झालेल्या तडजोडीवर अपील नाही. आकडा पटला तरच सही करा.

आणि सहा महिने उलटून गेले असतील तर? स्वतःच "संपलं" म्हणू नका. या मुदतीबद्दल वरच्या न्यायालयात वाद चालू आहे. कागद घेऊन विधी सेवा कार्यालयात जाऊन विचारा.

पुढच्या बैठकीत करायचं काम

• गटातल्या कुणाच्या घरी मागच्या काही वर्षांत वाहनाचा अपघात झाला का? भरपाई मागितली का? नसेल तर का नाही?
• १५१००, १०८ आणि ११२ हे नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.
• वरच्या उदाहरणासारखा हिशोब वय ४८ आणि कमाई ७,००० धरून सगळ्यांनी मिळून सोडवा. कमाईची घट २० टक्के. (उत्तर: २,१८,४०० रुपये)

ताई आता काठी घेऊन बैठकीला येते. गटाचं कर्ज तिनं अजून फेडलेलं नाही, आणि कुणी तगादाही लावलेला नाही. मागच्या आठवड्यात शेजारच्या वाडीत अपघात झाला, तेव्हा जखमीच्या घरी मी पोचायच्या आधी ती पोचली होती. पहिलं वाक्य तिचंच होतं, "सही कुठंच करू नका, आधी नंबर दाखवा."

तुमची,
क्षेत्र समन्वयक