ऐकणारा कान

प्रस्तावना

विद्या गुरूकडून घ्यावी, असे आपल्याकडे मानले जाते. संगीतात तर गुरूसमोर बसून घेतलेल्या तालमीला फार मोल आहे. परंतु ज्याच्या गावात गुरू नाही, ज्याचा दिवस पोटापाण्याच्या कामात जातो किंवा ज्याचे शिकण्याचे वय उलटले असे लोक म्हणतात, त्याने काय करावे? आज इंटरनेटवरील चित्रफिती पाहून अनेक जण घरी बसून वाद्य शिकतात. चित्रफितीतला शिक्षक दिसतो, बोलतो, वाजवून दाखवतो. मात्र शिकणाऱ्याचे वादन त्याला ऐकू येत नाही. मग चूक कोणी दाखवायची? ब्लूज या संगीतप्रकारातील गिटारवादनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ शिकल्यानंतर तुम्ही –
• ब्लूज संगीताचा उगम थोडक्यात सांगू शकाल;
• ब्लूजमधील बारा बारांची रचना स्पष्ट करू शकाल;
• चित्रफितीतून शिकण्याचे लाभ व मर्यादा सांगू शकाल;
• स्वयं-अध्ययनात आत्मपरीक्षणाचे महत्त्व विशद करू शकाल.

मूळ पाठ

१. कापसाच्या शेतातून आलेले गाणे

अमेरिकेच्या दक्षिण भागात १८६५ साली गुलामगिरी संपुष्टात आली. कायद्याने मुक्त झालेले कृष्णवर्णीय लोक त्यानंतरही बहुतांशी दुसऱ्यांच्या शेतांवर राबत राहिले. शेतातल्या हाका, श्रमगीते आणि चर्चमधील प्रार्थनागीते यांच्या मिश्रणातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी ब्लूज आकारास आले. दुःख, विरह आणि दारिद्र्य हे त्याचे विषय असले, तरी ते केवळ रडगाणे नव्हे. दुःख सुरात मांडून त्याच्यावर मात करण्याची ती रीत आहे.

हे संगीत शिकवणाऱ्या शाळा तेव्हा नव्हत्या. थोरांचे पाहून आणि ऐकून मुले शिकत. ग्रामोफोन आल्यावर तबकडी हीदेखील शिक्षक झाली. मिसिसिपी राज्यात १९२५ साली जन्मलेले बी. बी. किंग लहानपणी नात्यातील एका वृद्ध बाईंच्या घरी ब्लाइंड लेमन जेफर्सन आणि लॉनी जॉन्सन यांच्या तबकड्या ऐकत. कापसाच्या शेतात राबावे लागल्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले; परंतु कानाने चाललेले शिक्षण थांबले नाही. पुढे ते जगद्विख्यात गिटारवादक झाले. येल विद्यापीठाने १९७७ साली त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

२. बारा बारांची चौकट

ब्लूजची सर्वांत रूढ रचना बारा बारांची असते. बार म्हणजे मात्रांचा एक गट. प्रत्येक बारात चार मात्रा धरल्या, तर एकूण ४८ मात्रांचे एक आवर्तन होते. ते पुन्हा पुन्हा फिरत राहते. एका वेळी वाजणाऱ्या अनेक स्वरांच्या समूहाला कॉर्ड म्हणतात. ब्लूजला मुख्यतः तीन कॉर्ड पुरतात. आपल्या स्वरनामांत सांगायचे, तर पहिले चार बार षड्जावर उभारलेली कॉर्ड वाजते. पुढचे दोन बार मध्यमावरची व त्यानंतरचे दोन पुन्हा षड्जावरची कॉर्ड येते. नवव्या बारात पंचमावरची, दहाव्यात मध्यमावरची आणि शेवटच्या दोन बारांत षड्जावरची कॉर्ड येऊन आवर्तन पूर्ण होते.

या चौकटीवर एक-एक स्वर घेऊन सुरावट वाजवणे, म्हणजे लीड गिटार. नवशिक्यास आरंभी पाच स्वर शिकवतात : सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी. धानी रागातही हेच पाच स्वर लागतात. मात्र दोन्हींचे चलन भिन्न आहे. या पाचांत ओझरता तीव्र मध्यम मिसळला, की ब्लूजचा खास रंग उमटतो. पुष्कळदा कोमल गंधार किंचित वर चढवून कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध ठेवला जातो. हे अंतर कागदावर लिहून समजत नाही; ते ऐकावेच लागते.

३. तार खेचण्याची कला

सतारीवर तार पडद्यावर आडवी खेचून मींड घेतात. ब्लूजमध्येही तार अशीच खेचून एका स्वरावरून दुसऱ्यावर जातात. या क्रियेला बेंड म्हणतात. तिसऱ्या तारेवर सातव्या पडद्यापाशी बोट ठेवून तार खेचली, तर नवव्या पडद्याचा स्वर निघायला हवा. तो थोडा जरी खाली राहिला, तरी वादन बेसूर होते.

नवशिक्या बहुधा एकाच बोटाचा जोर लावतो. बोट दुखते आणि स्वरही गाठला जात नाही. मुख्य बोटाच्या मागे आणखी दोन बोटे आधाराला ठेवून मनगट वळवले, तर कमी श्रमात तार हवी तेवढी वर जाते. खेचलेल्या स्वराला दिलेल्या कंपनालाही फार महत्त्व आहे. बी. बी. किंग यांचे नातलग बुका व्हाइट तारेवर नळी सरकवून वाजवत. तो नाद आपल्याला बोटांनी काढता यावा, या प्रयत्नातून किंग यांचे वैशिष्ट्यपूर्ण कंपन घडत गेले. गाण्याची एक ओळ म्हणून झाली, की ते गिटारने तिला उत्तर देत. दोन उत्तरांमधली शांतताही त्यांच्या वादनाचा भाग असे.

४. चित्रफीत काय देते?

पूर्वी तबकडी अर्ध्या गतीने फिरवली, तर संगीत संथ होई; पण त्याबरोबर सूरही एका सप्तकाने खाली जाई. आज चित्रफितीची गती निम्मी करूनही सूर तोच राखता येतो. दोन बारांचा तुकडा शंभर वेळा ऐकला, तरी शिक्षक कंटाळत नाही. बोटे कोठे आहेत, मनगट कसे वळते, हे जवळून दिसते. २००५ साली यूट्यूब सुरू झाल्यानंतर असे पाठ सर्वदूर पोहोचले. रात्रपाळी करून आलेला कामगार असो वा दुपारी सवड मिळणारी गृहिणी, दोघेही आपापल्या वेळी शिकू शकतात.

तरीही एक उणीव राहते. समोर बसलेला गुरू चुकीच्या स्वराला लगेच थांबवतो. चित्रफीत पुढे जात राहते. पाहताना सारे समजल्यासारखे वाटते; हात मात्र काहीच शिकलेला नसतो. एक पाठ पुरता बसण्याआधीच दुसरा समोर येतो. अशा रीतीने वर्ष सरते, पाहिलेल्या पाठांची संख्या वाढते आणि एकही आवर्तन तालात पूर्ण वाजत नाही. शिकणारा मग स्वतःच्या वयाला किंवा बुद्धीला दोष देतो आणि वाद्य कोपऱ्यात जाते. दोष बहुधा वयाचा नसतो. ऐकून चूक सांगणारे कोणी नव्हते, एवढेच घडलेले असते.

५. स्वतःचा श्रोता

ही उणीव पूर्णपणे नाही, तरी बरीचशी भरून काढता येते. त्यासाठी शिकणाऱ्याने स्वतःच श्रोता व्हावे. प्रथम नवव्या पडद्यावरचा स्वर साधा वाजवावा, तो गुणगुणावा आणि मगच सातव्या पडद्यावरून तार खेचून तो गाठावा. दोन्ही स्वर जुळले की नाही, हे कानच सांगतो. आठवड्याला एकच लहान सुरावट घ्यावी. ती संथ लयीत, पायाने ठेका धरून वाजवावी. मग मोबाइलवर आपले वादन ध्वनिमुद्रित करावे आणि हातात गिटार न घेता ऐकावे. वाजवताना न जाणवलेली घाई आणि नकळत वाजलेली शेजारची तार तेव्हा स्पष्ट कळते. दिनांक घालून चूक वहीत लिहावी. महिन्यातून एकदा एखाद्या जाणकाराला वादन ऐकवता आले, तर अधिक उत्तम.

स्वतःला ऐकणे प्रथम लाजिरवाणे वाटते. परंतु त्यातून केवळ चुकाच कळतात असे नाही. १९४१ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयासाठी लोकसंगीत गोळा करणारे ॲलन लोमॅक्स मिसिसिपीतील स्टोव्हॉल मळ्यावर आले. तेथे शेतकाम करणाऱ्या मडी वॉटर्स यांचे गायन-वादन त्यांनी ध्वनिमुद्रित केले आणि त्यांना ऐकवले. स्वतःचा आवाज ऐकून आपणही गाऊ शकतो, असा विश्वास त्यांच्या मनात निर्माण झाला. १९४३ साली मळा सोडून ते शिकागोस गेले आणि तेथील विद्युत गिटारच्या ब्लूजचे अग्रणी ठरले. ज्या कानाने आपली चूक पकडायची, त्याच कानाला एके दिवशी आपली प्रगतीही ऐकू येते.

पाठगत प्रश्न

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) चार मात्रांच्या बारा बारांचे आवर्तन ______ मात्रांचे होते.
(आ) सतारीवरील मींडेशी ब्लूजमधील ______ या क्रियेचे साम्य आहे.
२. चूक की बरोबर ते लिहा.
चित्रफितीची गती निम्मी केली, की सूर खाली जातोच.

तुम्ही काय शिकलात?

• ब्लूज हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या श्रमातून व श्रद्धेतून घडलेले संगीत आहे.
• चित्रफीत दाखवते व सांगते. परंतु ती शिकणाऱ्याचे ऐकत नाही.
• आपले काम स्वतः तपासण्याची सवय हा स्वयं-अध्ययनाचा पाया आहे.

शब्दार्थ

आवर्तन – तालाची एक पूर्ण फेरी. चलन – रागातील स्वरांची विशिष्ट वाटचाल. ओझरता – क्षणभर स्पर्श करणारा. अग्रणी – पुढे असणारा, नेता

स्वाध्याय

१. ‘दोष बहुधा वयाचा नसतो’ या विधानाचा आशय पाच-सहा ओळींत लिहा.
२. प्रत्यक्ष गुरू आणि चित्रफितीतील शिक्षक यांची तुलना करा.
३. या पाठातील एक परिच्छेद मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करा. तो ऐकून उच्चारांतील व विरामांतील तीन चुका आणि एक चांगली गोष्ट वहीत नोंदवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) ४८ (आ) बेंड २. चूक